आईच्या शेवटच्या काचा

रविवारी सकाळी एक खाटीक महाराजा होऊन आमच्या स्टुडिओत आला.

फाशिंगचे दिवस होते. ईस्टरच्या आधीचे उपास सुरू होण्यापूर्वी व्हिएन्नातली माणसं सोंगं घेऊन नाचतात, आणि नाचून झालं की त्याच सोंगात फोटो काढायला येतात. आमच्याकडे वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच असे. त्या सकाळी एक समुद्री लुटारू, एक मिशीवाली नन आणि एक कोंबडा येऊन गेले होते. आता प्रोहास्का आला. कोपऱ्यावरच्या सॉसेजच्या दुकानाचा मालक. डोक्याला पलंगपोस गुंडाळलेला, कपाळावर बायकोचा ब्रोच.

"फ्राउ मैना," तो आईला म्हणाला, "तुमच्या देशाचा मान राखायचाय. जमलंय ना?"

आईनं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. "महाराज, तुम्ही इस्पितळातून पळून आल्यासारखे दिसताय. बसा."

तिनं पलंगपोस सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. साडीवर कामाचा एप्रन, तोंडात दोन टाचण्या. मी ओठ चावून उभी होते.

"हसू नकोस, हेमा," ती टाचण्यांच्या आडून मराठीत म्हणाली. "तुझ्या आजोबांची पगडी दुकानातून तयार यायची. मी जन्मात पागोटं बांधलेलं नाही."

"मग आत्ता काय करतेयस?"

"अंबाडा घालतेय."

"काय म्हणतायत?" प्रोहास्कानं विचारलं.

"हे राजघराण्यातलं बांधणं आहे म्हणतेय," मी सांगितलं. तो लगेच ताठ बसला, आणि आईला तेच हवं होतं. तिनं शटर दाबलं.

खिडकीपाशी तिरक्या मेजावर बसून हेडी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत होती. ती आमची रिटचर. तिच्या पेन्सिलीनं निम्म्या व्हिएन्नाची दुसरी हनुवटी पुसली असेल. तिचा नवरा पोल्डी शिडीवर चढून दिव्याची तार जोडत होता. तो वीज कंपनीत फिटर होता आणि रविवारी फुकटात आमचे दिवे बघायचा. मोबदला म्हणून दर वेळी एकच मागणी.

"फ्राउ मैना, माझा एक चांगला फोटो काढा. हेडीला पाकिटात ठेवायला."

"पोल्डी, मी तुझे आजवर पाच-सहा फोटो काढले. सगळ्यांत तू झोपलेला आहेस."

"दिवा लागला की डोळे मिटतात, त्याला मी काय करू?"

"विजेच्या कामावर हा माणूस डोळे मिटून जातो," हेडी मान वर न करता म्हणाली. "शहर अजून उभं आहे ही देवाची कृपा."

सगळे हसलो. प्रोहास्काही हसला आणि त्याचा अंबाडा एका कानावर आला.

आईची गोष्ट इथेच सांगून टाकते. बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घ्यायला मुंबईहून व्हिएन्नाला आले, आम्हा दोघींना घेऊन. दुसऱ्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. काकांची तार आली: परत या. आईला परत जाऊन काय मिळणार आहे ते माहीत होतं. दिराच्या घरातली मागची खोली, आणि कोणाचं लग्न असेल तेव्हा दार लावून आत बसणं. ती गेली नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या स्टुडिओत काचा पुसायला लागली. मग फोटो धुवायला शिकली, मग काढायला. ती बाई थकली तेव्हा स्टुडिओ आईच्या हाती आला. पाटी लागली, 'आटेलिए मैना', म्हणजे मैनाचा स्टुडिओ. आठवडाभर ती पोटासाठी चेहरे काढायची. मोकळा दिवस मिळाला की हातातला कॅमेरा आणि ज्यांवर फोटो उमटतो त्या काचांची चामडी बॅग घेऊन शहराच्या कडेच्या कामगार वसाहतींत जायची. तिथली धुण्याची घरं, पाळणाघरं, जिन्यावर बसून बटाटे सोलणाऱ्या बायका. साडी नेसून, वर लोकरी कोट घालून, बुटांनी बर्फ तुडवत हिंडणारी फोटोग्राफर त्या शहरानं दुसरी पाहिली नव्हती. पोरं तिच्यामागे धावायची. तिचे फोटो मासिकांत यायचे, बर्लिनपर्यंत जायचे. हेडी आणि पोल्डी अशाच एका वसाहतीत राहत होते.

दुपारी गिऱ्हाइकं संपल्यावर आम्ही डार्करूममध्ये गेलो. डार्करूममध्ये दोन उंच मातीच्या टाक्या होत्या. डावीत डेव्हलपर, उजवीत हायपो. काच आधी डावीत घालायची, म्हणजे चित्र उमटतं. मग उजवीत, म्हणजे ते टिकतं. उलट केलं तर चित्र उमटायच्या आधीच धुऊन जातं आणि हातात नुसती स्वच्छ काच राहते, खिडकीला बसवावी अशी. बारा वर्षांची असताना मी हा पराक्रम केला होता. एका नवरीच्या सगळ्या काचा घालवल्या होत्या.

"आणि फ्राउ मैनानं हिला त्या नवरीच्या घरी पाठवलं," हेडी दाराबाहेरून ओरडली. ही गोष्ट ती वर्षातून निदान दोनदा सांगे. "पुन्हा पोशाख घालून या म्हणून सांगायला! तोवर नवरा भांडून लिंट्सला गेलेला!"

"परत आला की नाही?" पोल्डीनं विचारलं.

"आला. पण फोटोत दोघंही रडवे आहेत."

आई लाल दिव्याखाली गालातल्या गालात हसत होती. तिचे हात मात्र थांबले नव्हते. वसाहतीतल्या काचा ती कधी एकदम धूत नसे. एकेक काच वेगळी, एकेकीला हवा तेवढा वेळ. "ही माणसं परत बसायला येणार नाहीत," ती म्हणायची.

तो आमचा शेवटचा साधा दिवस. १९३४चा फेब्रुवारी.

सोमवारी दुपार व्हायच्या आत, एक गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दिवे लुकलुकले आणि गेले. खाली ट्राम जागच्या जागी उभ्या राहिल्या. हेडी पेन्सिल टाकून उठली. वीज बंद म्हणजे कामगारांचा सरकारविरुद्ध संप, हे तिला पोल्डीनं कधीच सांगून ठेवलेलं होतं. ती कोट घालता घालताच जिना उतरली. थोड्या वेळानं आईनं बॅग उचलली.

"आई, लोक म्हणताहेत लष्कर बोलावलंय."

"म्हणून तर."

"नको जाऊस."

"उजेड आहे तोवर येते."

ती आली तेव्हा उजेड जात होता. चालत आली होती. साडीचा काठ चिखलानं जड झालेला. मी मेणबत्ती लावली. तिनं बॅग खुर्चीवर ठेवली आणि तिच्याशेजारीच बसली, जणू ते कोणी दमलेलं पोर होतं.

"तोफा लावल्यात, हेमा. वसाहतीवर. घरांवर. माणसं आत आहेत तरी." ती थांबून थांबून बोलत होती. "तिसऱ्या मजल्याची भिंत गेली. आतला पाळणा दिसत होता खालून. तो काढला मी. हे छापून आलं की कोणाला नाही म्हणता येणार नाही."

मी चहा दिला. तिनं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"पोल्डी दिसला. मी जिन्याच्या खिडकीत होते. तो खाली फाटकाआड गुडघ्यावर, बंदूक घेऊन. त्याला कळलंही नाही."

"काढलास?"

"काढला. आणि डोळे उघडे होते गं त्याचे. टक्क उघडे." ती हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. "हेडीला सांगू नकोस. उगाच जीव टांगणीला लागेल तिचा."

काचा धुवायच्या का, मी विचारलं. वीज नव्हती. आई म्हणाली, "आत्ता नको. या काचा नीट धुवायच्यात. उद्या."

मंगळवारी मला जाग आली तेव्हा ती गेली होती. बॅग जशी होती तशीच उचलून.

हेडी संध्याकाळी आली. कोट न काढता आपल्या मेजापाशी बसली. तिच्या केसांत चुन्याची धूळ होती. पेन्सिल उचलली, ठेवली. मग म्हणाली, "अंगणात. फ्राउ मैना उजेडाकडे सरकली. तुला माहीत आहे ना, ती कशी सरकते ते. मागे न बघता. तेवढ्यात गोळी लागली."

तिनंच पुढे सांगितलं. पोलिसांनी आईचा देह उचलून नेला होता, कॅमेऱ्यासकट, बॅगेसकट. पोल्डीला पकडलं होतं. तो तळघरात बायका-मुलांत सापडला. बंदूक कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं. 'मी तळघरातच होतो, पहिल्यापासून,' असं त्यानं सांगितलं होतं आणि साऱ्या बायकांनी हो म्हटलं होतं.

"एवढंच आहे आमच्याकडे," हेडी म्हणाली. "बायकांचं हो."

बुधवारी बंदूक धरलेल्या कामगारांपैकी पहिल्याला लष्करी कायद्याखाली फाशी झाली. तो माणूस जखमी होता, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. रस्त्यात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

गुरुवारी वीज आली आणि तिच्यामागोमाग एक पोलीस अधिकारी आला. पन्नाशीचा, सभ्य, सर्दी झालेला. त्याच्या हातात आईची बॅग होती. हेडी त्या दिवशी कामावर आली होती. घरी बसवत नाही म्हणाली. त्यानं आम्हा दोघींना अभिवादन केलं आणि हॅट काढून हातात धरली.

"फ्रॉइलाइन, माझ्या मुलीचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फोटो तुमच्या आईनं काढलाय. आमच्या दिवाणखान्यात आहे. मला मनापासून वाईट वाटतंय."

"आई कुठे आहे?"

"शवागारात. तुम्ही लोक दहन करता ना? लवकर करावं लागतं म्हणे." त्यानं नाक पुसलं. "तुम्ही ब्रिटिश प्रजा. कागद पुष्कळ आहेत. पण मी सही केली तर उद्या मिळेल."

मी बॅगेकडे पाहत होते. त्यालाही ते दिसलं.

"या काचा धुवायच्यात. आमच्याकडे चोरांचे फोटो काढणारी माणसं आहेत, त्यांच्या हाती मी हे देणार नाही. एकही बिघडून चालणार नाही मला. तुमच्या आईचं सामान, तुमच्या आईची पद्धत. तुम्ही करा. मी उभा राहतो."

"कशासाठी हव्यात?" हेडीनं विचारलं.

"शेकडो माणसं पकडलीत, बाई. सगळी तळघरात होती. सगळ्यांना मुलं आहेत." तो दमल्यासारखा बोलला. "कोण तळघरात होतं आणि कोण नव्हतं, एवढंच मला बघायचंय."

हेडीचा चेहरा बदलला नाही. तिच्या मते त्या काचांवर फक्त पडक्या भिंती होत्या, तो पाळणा होता. मंगळवारी वसाहतीत आईनं तिला तेवढंच सांगितलेलं होतं. उलट तिनं माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, "धू. नीट धू. त्यांनाच बघू दे, काय केलंय ते. आणि एक संच मागून घे."

मी एप्रन चढवला. आईचाच होता, खुंटीवर तोच एक होता.

डार्करूममध्ये तो माझ्यामागे उभा राहिला. मी दार लावलं, लाल दिवा लावला. बॅग उघडली. काचांच्या चपट्या पेट्यांवर आईनं खडूनं खुणा केल्या होत्या. सोमवारच्या वेगळ्या, मंगळवारच्या वेगळ्या. मंगळवारच्यांतली शेवटची पेटी अर्धीच सरकवलेली होती, तिची झडप तिनं बंद केली नव्हती. ती काच तशीही गेलेली होती. मी ती बाजूला ठेवली.

"एकेक धुवायची असते," मी म्हणाले. "दुपार होईल."

"एकदम होत नाहीत?"

"होतात."

"मग एकदम करा."

मी काचा एकेक करून पितळी रॅकमध्ये बसवल्या. लाल उजेडात त्या साईसारख्या दिसतात, त्यांच्यावर काहीच नसतं. म्हणजे असतं, पण कोणालाच दिसत नाही. मला सोमवारची खूण हाताला लागत होती. आईच्या बोटाचा खडू होता तो.

रॅक उचलला आणि उजव्या टाकीत सोडला.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"थोडा."

तो वाकून बघत होता. साय विरायला लागली. काचा कडेनं निवळल्या, मग मध्यावर.

"असंच होतं का?"

"असंच होतं," मी म्हणाले.

मग रॅक डाव्या टाकीत घातला, मग पाण्यात. दिवा लावला. त्यानं अधीरपणे पहिली काच उचलली, उजेडापुढे धरली. तिच्यातून त्याला नळ दिसला, भिंत दिसली, मी दिसले. दुसरी उचलली. तिसरी.

"हे काय आहे?"

त्यानं दार उघडून हेडीला हाक मारली. हेडी आत आली, काच पाहिली, आपली बोटं उजव्या टाकीत बुडवून नाकाशी नेली. क्षणभर तिला काही कळेना. मग कळलं.

"आधी हायपो? हेमा, आधी हायपोत घातल्यास?"

"मला..."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. एवढ्या जोरानं, की मी टाकीवर आपटले.

"लहानपणी नवरीच्या घालवल्यास आणि आता या! तिनं जीव दिला यांच्यासाठी! पाळणा होता यांत, भिंती होत्या, सगळं जग बघणार होतं, आणि तू, तू एवढी घोडी होऊन डावं-उजवं..." ती भिंतीला टेकून रडायला लागली. घशातून, पुरुषासारखी.

अधिकारी आमच्या दोघींकडे पाहत राहिला. हातातल्या काचेकडे एकदा, हेडीकडे एकदा. मला वाटतं, तिच्याकडे पाहूनच त्याची खात्री पटली. त्यानं काच हळूच परत ठेवली.

"देवा रे," तो म्हणाला. "आईची शेवटची कामगिरी." आणि थोड्या वेळानं, "उद्या सकाळी या. सही करून ठेवतो."

दहनाला हेडी आली, पण दुसऱ्या टोकाला उभी राहिली. मंत्र म्हणायला कोणी नव्हतं. मला आठवत होतं तेवढं मी म्हटलं, आणि मध्येच विसरले. बाहेर येताना ती माझ्याजवळून गेली.

"हात शिवणकामाला घाल," ती म्हणाली. "या कामाला लावू नकोस पुन्हा."

पोल्डी अजून कोठडीत होता. दारादारांत खबरे होते, आणि हेडीला रागात काही लपवता येत नसे. मी मान खाली घालून पुढे गेले. वसंतात मी मुंबईची बोट धरली. पुरावा नाही म्हणून पोल्डीला उन्हाळ्यात सोडलं, हे मला काकांच्या घरी कळलं. मागच्या खोलीत. तेव्हा सांगता आलं असतं. पण 'तुझ्या नवऱ्यासाठी मी माझ्या आईचं शेवटचं काम घालवलं' हे वाक्य कोणाच्या अंगावर टाकायचं? त्याच्याखाली ती दोघं कशी राहिली असती? आणि मग युद्ध आलं.

मी परत गेले ती बावीस वर्षांनी. आईच्या उरलेल्या काचा हेडीनं सगळं युद्धभर कोळशाच्या तळघरात, पोत्यांखाली जपल्या होत्या. आता वसाहतीच्या वाचनालयात त्यांचं प्रदर्शन भरत होतं. तीच वसाहत. भिंती नव्यानं गिलावा केलेल्या. उद्घाटनाला एक तरुण बाई बोलली. तिनं आईचं काम फार समजून सांगितलं. शेवटी म्हणाली, "दुर्दैवानं त्या फेब्रुवारीतले तिचे फोटो एका चुकीमुळे नष्ट झाले. या घरांवर तोफा चालल्या त्याचा तिनं गोळा केलेला पुरावा आपल्याकडे नाही." माना हलल्या. मीही हलवली.

नंतर हेडीच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. हेडीचे केस पांढरे झाले होते. पोल्डीला एका कानानं ऐकू येईनासं झालं होतं. तो टेबलाशी केक कापत होता आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा मोठा कापत होता.

"वाकडा कापतोयस," हेडी त्याला म्हणाली.

"पाहुणी मुंबईहून आलीय. तिला मोठा."

"मग तो स्वतःच्या ताटलीत का घेतलास?"

"काय?" पोल्डीनं कानाला हात लावला. त्याला नेमकं ऐकू आलेलं होतं.

बाहेर अंगणात त्यांची नात दोरीवरच्या उड्या मारत होती. हेडीनं तिला खिडकीतून दोनदा हाक मारली, ती आली नाही. मग हेडी माझ्यासमोर येऊन बसली. टेबलावरचे केकचे कण तिनं तळहातानं एका जागी गोळा केले.

"हेमा, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी तुला मारलं. ते मी करायला नको होतं."

"जाऊ दे."

"नाही, बोलू दे. आई गेलेली, वर तो माणूस उभा. कोणाचाही हात चळला असता. मी तुला फार पूर्वीच माफ करायला हवं होतं. आज करते." तिनं माझा हात धरला. "पण खरं सांगू? भाषण ऐकताना पुन्हा तुझा राग आला. तिचे शेवटचे फोटो, आणि कोणी कधी पाहिलेच नाहीत."

पोल्डीनं केकची ताटली माझ्यापुढे सरकवली आणि "खा," म्हणाला. त्याची पाठ खिडकीकडे होती, मागून दोरीचा आवाज येत होता. मला हात सोडवून घ्यायचा होता आणि नव्हताही. माफी ऐकून मी गप्प बसले असते तर पुढे कधीच बोलता आलं नसतं.

"माझा हात चळला नव्हता, हेडी," मी म्हणाले. "कुठली टाकी कशाची ते मला माहीत होतं. सोमवारच्या काचेवर पोल्डी होता. फाटकाआड, बंदूक घेऊन. आईनं मला सांगितलं होतं." पोल्डीची सुरी थांबली. त्यालाही ऐकू गेलं होतं. "आणि ते फोटो मला पाहायचे होते. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त मला पाहायचे होते, हेडी. ती माझी आई होती."